कॅरमबोर्डावरचा बर्फ

“मुलगी गुणाची आहे गं विभा, पण पुरुषांच्या फिगरी बघते. शपथेवर सांगते. तेही चमकीचे झगे घातलेल्या पुरुषांच्या.”

इंदुबाई हे सांगलीच्या बहिणीला फोनवर सांगत होत्या आणि ऐकणारं कोणी नाही अशी त्यांची समजूत होती. दाराआड मी होतो, पण मी पडलो कॅरमबोर्ड. मला कोण मोजतो? माझ्या शेजारी मात्र वाळलेल्या कपड्यांचा ढीग छातीशी धरून त्यांची नवी सून शर्वरी उभी होती. आधी तिचे कान लाल झाले, मग ओठ दाबून ती इतकी हसली की वरचा टॉवेल माझ्या डोक्यावर पडला. लग्न होऊन आल्यापासून ‘हो आई’ आणि ‘चालेल’ यांपलीकडे तिचं बोलणं मी फारसं ऐकलेलं नाही.

माझं म्हणाल, तर मी निरोपसमारंभाचा आहेर. इंदुबाईंचे यजमान आप्पासाहेब यांची बँकेच्या बस्सी शाखेतून जयपूरला बदली झाली तेव्हा स्टाफनं मला दिला. ‘आप्पासाहब को सप्रेम’ ही अक्षरं माझ्या पाठीवर अजून वाचता येतात. मालवीय नगरच्या या घरात त्यांची मुलं निनाद आणि निलय माझ्यावरच वाढली, राणीवरून एकमेकांचे केस उपटत. पुढे त्यांच्या हातात फोन आले आणि मी दाराआड गेलो. आता उन्हाळ्यात इंदुबाई माझ्यावर पापड वाळवतात. राणीच्या जागी उडदाचा पापड! असो.

तर शर्वरीला बर्फावरचं फिगर स्केटिंग आवडतं, त्यातही पुरुषांचं. मुलगी नाशिकची. बर्फ पाहिला तो उसाच्या रसात. पण दुपारी आवाज बंद करून ती फोनवर त्या स्पर्धा बघते, आणि कोणी आपटलं की स्वतःचाच गुडघा चोळते. शनिवारी जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी होती. ती एकदा तरी हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर बघावी, एवढीच तिची इच्छा. सासरी आल्यापासूनचा हा पहिला हट्ट, आणि तो तिनं फक्त नवऱ्याला सांगितला होता. “आईला विचार ना,” म्हणून निनाद टूरवर निघून गेला. नवऱ्यांची ही रीत मी पूर्वीपासून बघतोय.

संध्याकाळी चहाला इंदुबाईंनी कपबशीकडे बघत जाहीर केलं, “शनिवारी मुरलीपुऱ्याहून आसावरी वन्सं यायच्यात. टीव्ही बंद राहील. भलतंसलतं लागायला नको.”

“हो आई,” शर्वरी म्हणाली.

“पण मम्मी, शनिवारी तर भाभीची फायनल आहे,” निलय म्हणाला. जन्म जयपूरचा, त्यामुळे मराठी तशी. “मेन्स फिगर स्केटिंग.”

इंदुबाईंचा चमचा बशीत वाजला. आप्पासाहेबांनी पेपर खाली घेतला.

“फिगर? फिगर म्हणजे आकडा. जन्मभर मी फिगरच जुळवल्या.”

“मतलब, बर्फावर हिशोब करतात, पापा?”

“करायचे. आमच्या वेळी दूरदर्शनवर दाखवलेलं. एक माणूस स्केटच्या पात्यानं बर्फावर मुकाट्यानं इंग्रजी आठ काढायचा आणि कोटवाले परीक्षक वाकून तो आठ तपासायचे. ऑडिट रे, ऑडिट. आताची पोरं नुसत्या उड्या मारतात.”

“नुसत्या? हवेत चार चक्कर मारतात. तुमच्या वेळी तीन मारले तरी पेपरात फोटो यायचा.”

“आला असेल. पण आठ कोण काढणार?”

या आठापायी मला दाराआडून ओढून काढलं. पापडाचा भुगा झटकला आणि भसाभस पावडर टाकली. कित्येक वर्षांनी अंगाला पावडर लागली हो! आप्पासाहेबांनी बोटानं स्ट्रायकर फिरवत आठ काढला. त्याचा झाला भुईमुगाचा दाणा. निलयनं स्ट्रायकर कडेवर उभा करून टिचकी मारली. तो असा गरगरला की मलाच भोवळ आली, आणि उडाला तो थेट इंदुबाईंच्या चहात.

“लँडिंग खराब,” आप्पासाहेब म्हणाले.

तेवढ्यात शर्वरी माझ्यापाशी बसली. ओढणी मागे टाकून तिनं पावडरीत बोट टेकवलं. एक गोल, त्याला चिकटून दुसरा, मग त्याच रेघेवरून पुन्हा, आणि वरच्या टोकाशी बोट किंचित वळवून उलटं परत. पुन्हा पुन्हा गिरवूनही रेघ जाड होईना. मला तर गुदगुल्या झाल्या.

रोज उंबऱ्यावर रांगोळी घालणाऱ्या इंदुबाई वाकल्या. नाक माझ्यापर्यंत आणून त्यांनी तो आठ पारखला.

“अगं, ही तर आकृती आहे. कण हललेला नाही. फिगर म्हणजे हे?”

शर्वरीनं मान डोलावली.

“आणि मी विभाला...” त्या थांबल्या. पदरानं तोंड पुसलं. पुसण्यासारखं काही नव्हतं. “मग, हल्ली काढतात का असं?”

“बंद केलं,” निलय म्हणाला. “टीव्हीवर रेघ बघणार कोण?”

“वा रे वा. नाव आकृतीचं आणि आकृतीच गायब. पुरणपोळीतून पुरण काढल्यासारखं.”

मला विचाराल तर मी दोन्ही खेळ सोसलेत. हळुवार कट मारणारे माझ्यावर खेळले, सगळ्या सोंगट्या उधळणारेही खेळले. एकाचं कौतुक जाणत्यांनी केलं, दुसऱ्याला गल्लीनं टाळ्या दिल्या. पण उधळणाऱ्याचाही स्ट्रायकर सुटतो तो रेघेवरूनच.

शनिवारी आसावरी आत्या आल्या. हुकमाप्रमाणे टीव्ही बंद. घरातलं प्रत्येक माणूस त्याच्याकडे बघत नव्हतं, आणि इतकं कष्टानं न बघणं मी आजवर पाहिलेलं नाही. शर्वरी पोहे परतायला आत गेली, घड्याळाकडे एकदा बघून.

“हे काय वहिनी, कॅरमवर रांगोळी?” आत्यांनी विचारलं. पुसायचं नाही अशी इंदुबाईंची सक्त ताकीद असल्यानं आठ माझ्यावर तसाच होता.

“फिगर म्हणतात याला. फिगर म्हणजे आकृती,” इंदुबाई म्हणाल्या. “लोकांना काय काय वाटतं हो.” मग हळूच, “त्याचीच फायनल आहे आत्ता. शर्वरीला आवडतं. पण तुम्ही आलात म्हणून...”

“मग लावा की. मुरलीपुऱ्याहून मी काय भिंत बघायला आले?”

टीव्ही लागला आणि घराची जत्रा झाली. आत्या कपड्यांवरच अडकल्या. “काय चमकी आहे. जोहरी बाजारातला गोटा-जरीवाला रडेल.” इंदुबाई प्रत्येक पडणाऱ्याला “अगं बाई, लागलं का रे बाळा” विचारत होत्या. आप्पासाहेब जुन्या पद्धतीनं सहापैकी गुण देत होते, निलय नव्या पद्धतीनं शेकड्यांत. एकाचे चार चक्कर पुरे झाले तसे चौघे सोफ्यावरून उठले आणि पडद्यासमोर जाऊन उभेच राहिले.

सध्या मी हॉलच्या मधोमध आहे. अंगावर पावडर आहे, अधूनमधून टाळ्याही आहेत. पापड यंदा दुसरीकडे वाळवा, एवढीच विनंती.

शेवटचा खेळाडू बर्फावर आला. शर्वरी पोह्यांचा ट्रे घेऊन धावत बाहेर आली, तर समोर चार पाठी. ती डावीकडून वाकली, उजवीकडून वाकली, चवड्यांवर उभी राहिली. संगीत सुरू झालं. तिनं ट्रे माझ्यावर, आठावरच आदळला.

“सरका सगळे,” ती म्हणाली. “आई, तुम्हीसुद्धा. मला दिसत नाहीये.”