शेकोटी कुणी विझवली

पार्डी गावच्या पेट्रोल पंपावर माझा भाऊ क्लेट कॉफीचे तीन पेले घेऊन बाहेर आला आणि सकाळच्या भांडणानंतर पहिल्यांदाच माझ्याशी धड बोलला. "यंदा शेकोटी झटपट विझवलीस, रोंडा," तो म्हणाला. "मला हाकसुद्धा मारली नाहीस."

"मी कुठे विझवली?" मी म्हणाले. "तू विझवलीस."

"मी कधी?"

"बादली ओली होती की. पालथी करून तूच तर गाडीत मागे ठेवलीस."

"त्या बादलीनं मी बिस्किटला धुतलं," क्लेट म्हणाला.

बिस्किट हा त्याचा कुत्रा. सकाळी हरणाच्या कुठल्याशा कुजक्या अवशेषात लोळून तो तंबूत आला होता आणि क्लेटनं त्याला ओढ्यावर नेऊन घासलं होतं, हे मला ठाऊक होतं. बादलीही मी पाहिली होती. दोन्ही गोष्टी एकत्र जोडायला जेवढं डोकं लागतं तेवढं त्या सकाळी माझ्याकडे शिल्लक नव्हतं. क्लेटनं तिन्ही पेले बॉनेटवर ठेवले आणि उगाचच हात पँटला पुसले.

गाडीच्या मागच्या खिडकीतून आई म्हणाली, "शेकोटी मी विझवली."

आम्ही दोघांनीही तिच्याकडे पाहिलं नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची सुट्टी जोडून तीन रात्री त्या जागी जायचं, हे आमच्या घरात मी शाळेत होते तेव्हापासून चाललंय. जागा म्हणजे काय, तर सरकारी जंगलातल्या कच्च्या रस्त्याच्या टोकाला झाडांमधली एक मोकळी फट आणि चाळीस पावलांवर ओढा. नळ नाही, संडास नाही, पाटी नाही, राखणदार नाही. जो आधी पोचेल त्याची. कचरा आपला आपण परत न्यायचा, खड्डा आपला आपण खणायचा आणि बुजवायचा. आपण मागे काय ठेवून गेलो हे बघायला तिथे पुढचे लोक येईपर्यंत कुणीच नसतं. म्हणून शेकोटीच्या बाबतीत आमच्याकडे एकच कडक रीत होती. पाणी ओतायचं, फावड्यानं ढवळायचं, पुन्हा पाणी ओतायचं, आणि मग उघडा हात राखेत घालायचा. हात आत ठेवता आला तर "थंड" असं मोठ्यानं म्हणायचं. तो शब्द ऐकल्याशिवाय वडील गाडीला किल्ली लावत नसत.

त्या दिवशी "थंड" कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. क्लेटनंही नाही. किल्ली मात्र त्यानंच लावली होती.

जूनच्या मध्यापासून आमच्या डोंगरात धड पाऊस नव्हता. शेकोटीवरची बंदी आम्ही जायच्या दोनच दिवस आधी उठली होती, तीही एका बऱ्याशा सरीच्या जोरावर. आणि आता पंपावरचा झेंडा फडफडायला लागला होता. दुपारचा वारा आमच्याकडे रोज एकच्या सुमाराला खोऱ्यातून वर चढतो. घड्याळात साडेबारा झाले होते.

मी वणव्याच्या नंबरावर फोन केला. पलीकडच्या बाईनं शांतपणे विचारलं, की धूर दिसतोय का, जागा नेमकी कुठे, निघून किती वेळ झाला. धूर दिसत नाही म्हटल्यावर ती म्हणाली, की सगळ्यात जवळची तुकडी दुसऱ्या आगीवर आहे, तिला तिथून यायला तीन तास लागतील, तुम्ही दीड तासात पोचाल. जा, बघा, धूर दिसला तर आत शिरू नका, आणि काय ते कळवा. तिनं माझं नाव लिहून घेतलं. नावाचं स्पेलिंग दोनदा विचारलं.

आमच्या वाटेवर कॅल्डरचा डोंगर लागतो. अकरा वर्षांपूर्वी तो जळाला. अजून तिथे काळे खांब उभे आहेत आणि त्यांच्या पायाशी कमरेएवढी झुडपं. दोन शिकाऱ्यांनी शेकोटीवर माती लोटली, विझली असं समजले आणि घरी गेले. मातीखाली निखारा चार दिवस जगला. त्या दोघांची नावं आमच्या तालुक्यात अजून सगळ्यांना पाठ आहेत. एकाची बायको माझ्याबरोबर शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिनं शेवटी गाव सोडलं.

क्लेटनं गाडी वळवली. कॉफी बॉनेटवरून सांडली ती कुणी पाहिलीही नाही.

"मी विझवली म्हणते ना," आई मागून पुन्हा म्हणाली. "तुम्ही बोलत होतात तेव्हा."

आणि मी म्हणाले, "हो आई. गॅससुद्धा तूच बंद केला होतास."

हे बोलायला नको होतं. क्लेटनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत रस्त्याकडे पाहायला लागला. पण ते खोटंही नव्हतं. जुलैत ती गॅस बंद केला म्हणून शेजारी गेली आणि मी कामावरून आले तेव्हा भांड्याचा तळ लाल झाला होता. गोळ्या घेतल्या म्हणते, डबीत तशाच असतात. एकदा म्हणाली, तुझ्या वडलांचा फोन आला होता. वडलांना जाऊन नऊ वर्षं झाली. आता या तीन दिवसांत तिनं मला पाच वेळा विचारलं, की फावडं कुठंय, आणि पाचही वेळा ते तिच्याच खुर्चीला टेकून उभं होतं.

सकाळचं भांडणही त्यावरूनच. आईला सांभाळते मी. चार वर्षं माझ्या घरात, माझ्या नोकरीच्या वेळा सांभाळून, माझ्या झोपेतून उठून. नाकी नऊ आले म्हणून मी क्लेटला सांगितलं, की नदीकाठच्या त्या वृद्धाश्रमात जागा रिकामी झालीय, हिवाळ्याच्या आत तिला तिथे ठेवायचं मी ठरवतेय. हा दोनशे मैलांवर राहतो, वर्षातून तीनदा येतो, येताना तिच्यासाठी पीच आणतो आणि मला म्हणतो, "एवढी काही वाईट नाही गं तिची अवस्था." मी म्हटलं, मग ने की तू. त्यावर तो, माझ्या घरचा जिना तिला चढवणार नाही, असं म्हणायला लागला. तिला ऐकू जाऊ नये म्हणून आम्ही गाडीच्या पलीकडे जाऊन, आवाज दाबून, चांगला तासभर भांडलो. तंबू उतरवताना भांडलो, दोऱ्या गुंडाळताना भांडलो. शेवटी दोघंही फुगून गाडीत बसलो आणि निघालो. शेकोटी त्या तासात हरवली.

गाडी कच्च्या रस्त्याला लागली. मी मान बाहेर काढून आभाळ बघत होते. एका वळणावर झाडांच्या वर करडं काहीतरी उठलं. क्लेटनं ब्रेक दाबला. समोरून ट्रक आला, मागे धुळीचा लोट घेऊन. ट्रकवाल्यानं हात केला. क्लेटनं काच खाली करून विचारलं, वर धूरबीर दिसला का. तो म्हणाला, मी अलीकडूनच वळलो, तिकडचं काही सांगता येणार नाही.

क्लेटनं गाडी पुढे दामटली. बिस्किटचा वास गाडीभर होता. आई मागे हात मांडीवर घेऊन ताठ बसली होती. मला वाटलं, माझ्यावर रुसलीय. रुसू दे, मी मनात म्हटलं, आत्ता डोंगर जळत असेल तर रुसव्याला कोण विचारतंय. पण तिच्यावरचा राग माझा माझ्यावरचाच होता, हे मला तेव्हाही कळत होतं. एका वाक्यासाठी थांबायला हवं होतं. शेकोटी कुणी बघितली, एवढंच विचारायला हवं होतं.

शेवटच्या उताराला वारा समोरून येत होता. मी श्वास ओढून वास घेतला. तापलेल्या पाइनचा वास आला, धुळीचा आला. जळक्याचा नाही आला. मी क्लेटला तसं सांगितलं. तो म्हणाला, वारा तिकडून येतोय का ते आधी बघ. तो तिकडूनच येत होता.

गाडी थांबायच्या आत मी उडी मारली आणि धावले. माझं वय त्रेपन्न, गुडघे त्याहून जुने, पण धावले.

शेकोटीच्या जागी चिखल होता. नुसती भिजलेली राख नव्हे, घोटून घोटून पेजेसारखा झालेला काळा चिखल. क्लेट गुडघ्यावर बसला आणि त्यानं कोपरापर्यंत हात आत घातला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"थंड," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "रोंडा, थंड आहे गं."

मीही हात घातला. गार, गुळगुळीत, ओढ्याच्या तळाइतकं गार. मी तिथेच ओंडक्यावर बसले आणि हसायला लागले. जीव भांड्यात पडला म्हणतात तो कसा पडतो ते मला त्या दिवशी कळलं, सगळ्या अंगाला कळलं. क्लेटही हसला. नाक पुसताना त्यानं तोंडभर राख फासून घेतली.

"हे बघ," तो थोड्या वेळानं म्हणाला.

भोवतीचे दगड सगळे उलटे केलेले होते. मातीकडची ओली बाजू वर, काजळी धरलेली खाली, आणि प्रत्येकाच्या खळग्यात पाणी. लग्नाआधी आईनं तीन उन्हाळे डोंगरावरच्या टेहळणीच्या मनोऱ्यात एकटीनं काढले होते, वणव्यावर नजर ठेवण्याच्या सरकारी कामावर. निखारा मुळांना धरून दगडाखाली शिरतो, हे ती तिथे शिकली. आमच्यात दगड उलटणारी ती एकटीच. आम्ही त्याला आईचा सोस म्हणायचो आणि टाळायचो.

बादली आमच्या गाडीत होती. मग पाणी कशानं आणलं, असं क्लेट म्हणाला, आणि मला आठवलं. निघताना आई कॉफीची किटली घेऊन झाडांतून येत होती. मला वाटलं, भरकटतेय. मी तिच्या हातून किटली घेतली, भरलेली होती ती बाजूला ओतली, पिशवीत कोंबली आणि म्हणाले, "चल आई, उशीर होतोय." तिनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं. मी गाडीचं दार उघडून तिला आत बसवलं होतं.

आई अजून गाडीतच होती. मला वाटलं, उतरायला मदत हवी असेल. जवळ गेले तर ती डोळे घट्ट मिटून बसली होती आणि हात मांडीवर एकमेकांत अडकवलेले, बोटं पांढरी पडेपर्यंत.

"आई," मी म्हणाले, "विझलीय. पूर्ण थंड आहे."

तिनं डोळे उघडले नाहीत. "हात घालून बघितलंस?"

"हो. क्लेटनंही बघितलं. दगडसुद्धा उलटलेत. तूच विझवलीस."

तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. इतका वेळ तो कसा आवळलेला होता हे मला तो सैल झाल्यावर दिसलं. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही.

"सबंध रस्ताभर मी किटल्या मोजत होते," ती म्हणाली. "अकरा. एकेक आठवत होती. चौथ्या वेळी घसरले ती जागासुद्धा." ती थांबली. "पण त्या मागच्या वर्षीच्या असल्या तर? मी ठासून सांगितलं खरं तुम्हाला. मला कुठे माहीत होतं?"

मी इतका वेळ डोंगराला घाबरत होते. ती कशाला घाबरत होती याचा मी विचारही केला नव्हता. पुढे काय करायचं हे काही त्या दुपारी ठरलं नाही, तिचं विसरणंही कुठे गेलं नाही. पण त्या क्षणी तिला जे मिळालं ते मी कधीच देऊ शकले नसते.

"मला बघायचंय," ती म्हणाली.

क्लेट एका बाजूनं, मी एका बाजूनं, असं तिला नेलं. ओंडक्याचा आधार घेत ती वाकली, बाही वर सारली आणि पंजा काळ्या चिखलात बुडवला. खूप वेळ ठेवला. आम्ही "थंड" ऐकायला थांबलो होतो.

"किटल्या यंदाच्याच आहेत," ती म्हणाली.