उखर्डूचं तोंड गोड

मालूच्या लग्नाला पाच वर्षं झाली, आणि या पाच वर्षांत तिच्या बापानं, फोपनारच्या उखर्डूनं, तिच्या सासरी पाण्याचा घोट घेतला नव्हता. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं खायचं नाही ही जुनी रीत. बाकीचे बाप चहाबिहा पिऊन ती वाकवून घेत. उखर्डू हट्टी. केळीचा घड खांद्यावरून लालबागेत, मालूच्या सासरी, आणायचा, ओट्यावर ठेवायचा, लेकीला डोळे भरून पाहायचा आणि तहान लागली की रस्त्यावरच्या नळाला ओंजळ लावायचा. तो असा पाणी प्यायला लागला की मालूला वाटायचं, आपली कूस रिकामी असल्याची दवंडीच पिटतोय कोणी.

सासू गोदाबाईंनी सुधाकरचं दुसरं लग्न कधीच मनात पक्कं केलं होतं. सुधाकर मिलमध्ये कारकून. आईच्या शब्दाबाहेर जाण्याची अक्कल त्याला देवानं दिली नव्हती. शिवाय घाई होती. एकीवर दुसरी करता येणार नाही असा कायदा तिकडे हद्दीपलीकडे रावेरला, मुंबई राज्यात, आधीच झाला होता. आता तो दिल्लीहून सगळ्या देशाला लागू होणार असं पेपरात येत होतं. त्याच्या आत बार उडवायला हवा. घोडं अडलं होतं उखर्डूपाशी. पहिलीच्या बापानं पंचांसमोर नव्या मुलीच्या बापाच्या हातचं गोड खाल्लं तरच दुसरं लग्न लागायचं, असा जातीचा नियम. दोनदा निरोप गेला, आणि दोन्ही वेळा उखर्डूनं निरोप्याला शिव्या घालून शेतातून हाकललं. तो खात नव्हता तोवर मालूचा संसार शाबूत होता, आणि हे मालूला पुरतं माहीत होतं.

मग दिवाळी आली आणि गोदाबाईंच्या जिभेवर एकाएकी साखर पेरली गेली.

"मालू, तुह्या बाले बोलाव वं पाडव्याले. घरचं नाई खात तर नको खाऊ दे. चौकातल्या हॉटेलात जाऊ सगळे. आजकाल सगळा बजार तिथंच खाऊन राह्यला. हॉटेल काय कोणाचं घर हाये?"

शहाणी असती तर तिथंच ओळखून चुकली असती. पण पाच वर्षांत त्या घरात तिच्याशी कोणी गोड बोललं नव्हतं, आणि भुकेल्याला शिळंही ताजंच लागतं. वेडीला वाटलं, म्हातारीचं मन पालटलं. तिनं स्वतः निरोप धाडला.

चौकातलं हॉटेल त्या संध्याकाळी माणसांनी फुटत होतं. दारावर रंगीत बल्बांची माळ, आत रेडिओ, आणि पडद्यामागे शेटांच्या बायका मुलांना दमदाटी करत भजी खात होत्या. घरी चूल असून बाहेर जेवायचं, हीच आता प्रतिष्ठा. उखर्डू खुर्चीवर मांडी घालून बसला. "मामा, पाय खाली सोडा," सुधाकर दात आवळून म्हणाला. शेजारच्या टेबलावर जातीचे दोन पंच कचोरी खात होते. मालूनं पदर सावरून त्यांना नमस्कार केला. दिवाळीत सगळं गावच हॉटेलात, तिला त्यात काही वावगं दिसलं नाही.

एवढ्यात धूलकोटचा एक कपाशीवाला, चुडामण, आत आला. "दोस्त हाये आपला. जागा नाई कुठं, बसू द्या इथंच," सुधाकर म्हणाला. चुडामण उखर्डूला खेटून बसला.

मावा जलेबी आली. काळसर, जाड, पाकानं निथळणारी. चुडामणनं एक तुकडा मोडून उखर्डूपुढे धरला. "घ्या दादा, दिवाळी हाये."

"नाई बाप्पा. आपल्याले नको."

मालूचा जीव कळवळला. "खा ना बा. पाच वर्सांत तुले एक घास खाताना नाई पाह्यलं मी. हे काय माह्यं घर हाये? खा. माही आन हाये तुले."

लेकीनं आण घातली. उखर्डूनं तोंड उघडलं आणि चुडामणनं घास आत सरकवला. म्हातारा लहान मुलासारखा हसला, मिशीला पाक लागला. मालूला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

गोदाबाईंनी टेबलावर थाप मारली. "पाह्यलं ना पंचहो?"

"पाह्यलं," एक पंच कचोरी चावत म्हणाला. "पोरीच्या बापाची आता तक्रार नाई."

"काहाची तक्रार?" उखर्डू अजून चघळतच होता.

"हे चुडामणभाऊ. यांची पोरगी करून राह्यलो आमच्या सुधाकरले," गोदाबाई म्हणाल्या. "तुळशीचं लगीन झालं का यांचं लावू. पुढच्या दिवाळीले मात्र घरीच जेवाले या, इवाईबुवा. तोवर घरात पोरगं खेळन. मंग तुमची रीत बी आडवी नाई येणार."

उखर्डूनं घास थुंकला.

"थुकून काय व्हते? खाल्लं ते खाल्लं," पंच म्हणाला. सुधाकर बशीतला पाक चमच्यानं गोळा करत राहिला.

उखर्डूनं स्वतःच्या तोंडात मारून घेतली. "ह्या तोंडानं. ह्या तोंडानं माह्या पोरीचा घात केला मी." पुन्हा मारली. पुन्हा. पडद्याआडून शेटांची पोरं डोकावून हसू लागली.

मालूचं सगळं गेलं होतं, ते तिला कळलंही होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर दुसरंच आलं: फोपनारचा अंधारा रस्ता, रस्त्यालगतच्या विहिरी आणि त्या रस्त्यानं एकटा जाणारा हा माणूस. तिनं त्याचा हात धरला.

"मारू नको बा. मले ठाऊक व्हतं."

"काय?"

"सगळं. मीच कबूल झाली व्हती. तू असा मानत नव्हता, म्हनून तर आन घातली."

गोदाबाईंनी आ वासला. पण बाई हुशार. त्यांनी तो लगेच मिटला.

उखर्डू लेकीकडे पाहत राहिला. मारायला उचललेला हात खाली आला. मान ताठ झाली, डोळ्यांत आग उतरली, आणि मालूला तेच हवं होतं. संतापलेला माणूस घरी पोचतो.

"मंग मी पाच वर्स तुह्या दारातून तहानलेला काहून गेलो?"

त्यानं पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं. "माह्याकरता मेली तू. फोपनारले पाय नको ठेवू," म्हणाला आणि माणसांना ढकलत बाहेर पडला.

"पोरगीच राजी हाये म्हनते, मंग तिचंही तोंड गोड करा," पंच म्हणाला. "पुढं कटकट नको."

चुडामणनं दुसरा तुकडा मोडून तिच्यापुढे धरला. दारातून चौक दिसत होता, आणि गर्दीत बापाचं पागोटं. ते पानाच्या दुकानापाशी थांबलं होतं. तो वळून पाहील आणि आपलं मिटलेलं तोंड त्याला दिसेल, या भीतीनं मालूनं घाईघाईनं तोंड उघडलं.