शेवटच्याने फाटक लावायचं

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी हेस्टरने ठरवूनच टाकलं होतं, आज एकही चूक होऊ द्यायची नाही. बावीस वर्षं ती मंडळाच्या पायी सहली नेत होती. पुढे नकाशा घेऊन ती आणि सगळ्यांच्या मागे तिचा नवरा डेस्मंड. रेंगाळणाऱ्यांना हाकत आणायचं आणि मागची फाटकं लावायची, हे त्याचं काम. डेस्मंड फेब्रुवारीत गेला. उन्हाळ्यात हेस्टर दोनदा वाट चुकली, आणि आज त्याच्या जागी चिटणीस नेव्हिल स्वतः आला होता. कशाला, हे न कळायला ती काही दूधखुळी नव्हती. सहली हातून गेल्या तर रविवारी त्या घरात करायचं काय?

सकाळ सुरळीत गेली. दोन गावं मागे पडली. चर्चच्या ओल्या भिंतीवर बसून सगळ्यांनी थर्मासमधला चहा घेतला. बीच झाडांच्या रानात घोटाभर चिखल होता, पाऊस भुरभुरत होता, पण वाट चुकली नाही.

रान संपून कुरण लागलं. रस्त्यालगतच्या फाटकाशी बाजूला उभी राहून ती डोकी मोजू लागली. तेवढ्यात नेव्हिलही पुढे सटकला.

"पबचं स्वयंपाकघर दोनला बंद होतं गं. मी जाऊन टेबल धरतो, तू आण सगळ्यांना."

अकरा. तिने पुन्हा मोजले. अकराच्या अकरा! तिचा जीव भांड्यात पडला आणि ती त्यांच्यामागून निघाली.

सूप अर्धं झालं असेल, तोच दारात चिखलाने माखलेली एक शेतकरीण उभी राहिली.

"कुरणाचं फाटक कोणी उघडं टाकलं? माझ्या मेंढ्या रस्त्यावर आल्यात. एक गाडीखाली गेली. गाभण होती."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. नेव्हिल उठला. त्याचे कान लाल झाले होते.

"चूक माझी, बाई. मागे मी होतो."

माणूस भला होता. हेस्टरने नुसतं गप्प बसायचं, की सगळे रविवार शाबूत. पण तिला लख्ख आठवत होतं. फाटकातून बाहेर पडताना तिने बावीस वर्षांच्या सवयीने, मागे न बघताच म्हटलं होतं, "नीट लाव रे."

"नाही," ती उभी राहिली. "माझ्या मागे कोणी नव्हतं. शेवटची मीच होते."

तिने नकाशा घडी करून नेव्हिलच्या ताटलीशी ठेवला आणि मेंढ्या वळवायला त्या बाईबरोबर पावसात गेली. सगळ्या आत गेल्यावर फाटक तिनेच लावलं आणि कडी धरून ती हमसून हमसून रडली.