मंगळवारचं पाणी

त्या पत्राला मी सात वर्षं उत्तर दिलं नाही. हरवलं म्हणावं तर तसंही नव्हतं. ते शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात होतं, आणि तो खंड मी रोज उघडतो.

पत्र एका संशोधक बाईंचं होतं. त्या नदीच्या पुरांचा अभ्यास करतात. त्यांचं आणि आमचं आडनाव एक, नातं काही नाही. आमच्या वडिलांच्या, नानांच्या, वह्या मी दफ्तरखान्याला दिल्या तेव्हा घरच्यांशिवाय कुणाला दाखवू नयेत अशी अट घातली होती. बाईंच्या अर्जावरचं आडनाव वाचून तिथल्या कारकुनाने काही न विचारता गठ्ठा समोर आणून ठेवला. ‘मी गप्प बसले, याची लाज वाटते,’ असं त्यांनी पत्रात आधीच लिहून टाकलं होतं. मग एकच प्रश्न होता. शेवटच्या वर्षातल्या नऊ आठवड्यांत आकडे फार शहाण्यासारखे वागतात, नदी एवढी शहाणी नसते, तुम्हाला काही माहीत आहे का? उत्तर आलं नाही तर आकडे बरोबर आहेत असं धरून मी पुढे जाईन.

मला सगळंच माहीत होतं.

नाना पाण्याची पातळी मोजायचे. पुलाच्या खांबाला मोजपट्टी होती. रोज सकाळी सातला पायऱ्या उतरायच्या, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, कार्डावर लिहायचा. दर शनिवारी कार्ड पाटबंधारे खात्याकडे टपालाने जायचं. एकतीस वर्षं. गावात त्यांना सगळे पट्टीवाले म्हणत. पुलाशेजारच्या दोन खोल्या त्या नोकरीबरोबर मिळालेल्या होत्या.

शेवटच्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला. खात्याला कळलं असतं तर खोल्या गेल्या असत्या. ताई तेव्हा पंचवीस वर्षांची होती, मी एकवीसचा. आकडा मी वाचायचा आणि ताईने लिहायचा, असं ठरलं, कारण तिचं अक्षर थेट नानांसारखं होतं. पहिले काही आठवडे मी खरोखर पायऱ्या उतरलो. पण सकाळी नानांना उचलायला, पुसायला, कूस बदलायला दोघं लागायची आणि मला साडेसातला छापखान्यात पोचायचं असे. मग मी शनिवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्याचे सात आकडे सांगायला लागलो. ताई ते वहीत आणि कार्डावर लिहायची, मी कार्ड पेटीत टाकून यायचो. खात्यात कार्डं महिनाअखेरीस एकदमच उघडत, कुठलं कधी आलं ते कुणी बघत नसे. नदी काय, दोन बोटं इकडे नाहीतर दोन बोटं तिकडे. बहुतेक वेळा तसंच असायचं.

त्यातल्या एका मंगळवारी पहाटे नदी चढली आणि नऊच्या आत उतरलीसुद्धा. मी खाली गेलो तेव्हा मोजपट्टी चिखलाने माखली होती. काठावरच्या लोकरीच्या गोदामाच्या भिंतीवर ओली रेघ होती, माझ्या छातीच्या वर. मी घरी येऊन ताईची शिवणकामाची टेप नेली आणि रेघेपासून मोजपट्टीपर्यंतचा हिशेब केला. पाच मीटर चाळीस. कार्ड खात्यात कधीच पोचलं होतं. त्यावर मंगळवारपुढे दोन मीटर दहा होतं. खालच्या काठावरच्या तीन झोपड्या गेल्या. माणसं गोदामाच्या छपरावर चढली म्हणून वाचली. त्यांनी कुठे काही लिहून ठेवलं नाही. आम्ही जे लिहिलं होतं ते हे.

पुढे नाना गेले. खात्याने त्यांची एकतीस वर्षांची अखंड नोंद म्हणून कौतुकाचं पत्र पाठवलं. मी छापखान्यात मुद्रितं तपासत चाळीस वर्षं काढली.

बाईंचा पहिला अभ्यास त्यांच्या पत्रानंतर दोन वर्षांनी छापून आला. मी लग्न केलेलं नाही हे आमच्या ग्रंथपालाला पक्कं ठाऊक आहे, तरी तो अंक पुढे सरकवताना दर वेळी म्हणतो, तुमच्या लेकीचं आलंय बरं का. मी कोपऱ्यात बसून तो वाचला. तळटिपेत होतं : निरीक्षकाच्या कुटुंबाकडे विचारणा केली, हरकत आली नाही. त्यानंतर इतरांचे अकरा अभ्यास आले. सगळे त्याच आकड्यांवर उभे. त्या आकड्यांना आता आमचं आडनाव लावतात. ते असं छापलेलं बघून काहीतरी वाटायला हवं होतं. मी फक्त शुद्धलेखन तपासलं. एका ठिकाणी वेलांटी चुकली होती.

गेल्या महिन्यात वर्तमानपत्रात आलं की खालच्या काठावर दवाखाना होतोय. तळमजल्यावर वीस खाटा. जोत्याची पातळी अभ्यासातल्या पूररेषेवरून ठरवली आहे, मोजपट्टीच्या हिशेबाने साडेचार मीटर. मी समासात वजाबाकी केली. नव्वद सेंटीमीटर. पुन्हा केली, तितकेच आले. घरी आल्यावर स्वतःच्या खाटेची उंची मोजली. साठ.

तरी आणखी अकरा दिवस गेले. मला वाटत होतं, हे सगळं मी ताईसाठी धरून ठेवलंय. ताई आता एकोणऐंशी वर्षांची आहे. दारात कुणी आलं की नानांची अखंड एकतीस वर्षं सांगितल्याशिवाय तिचा चहा पुढे येत नाही. ते तिच्याकडून काढून घेणारा मी कोण?

बाराव्या दिवशी ती मटार सोलत बसली होती. मी समोर बसलो, दोन शेंगा घेतल्या आणि दवाखान्याचं सांगितलं. तिने मान हलवली. म्हणाली, बाईंना आठवण करून दे, त्यांच्याकडून राहिलं असेल.

मी शेंग सोलत राहिलो.

“तू कळवलं होतंस ना त्यांना?”

मी आणखी एक शेंग उचलली.

“भाऊ, पत्र आलं त्या दिवशी तू मला वाचून दाखवलंस. मी म्हटलं, लिहून टाक. तू म्हणालास, लिहितो.”

मी म्हटलं, तुला वाईट वाटेल असं वाटलं. नानांचं नाव जाईल म्हणून.

“माझ्यावर नको ढकलूस. सात वर्षं मी समजून चाललेय की कागदावर खरं गेलंय. म्हणून तर शेजारच्या वहिनींना अखंड एकतीस सांगायचे. म्हटलं, कागदावर खरं आहे, तोंडी थोडं खोटं चालतंय.” तिने सालं एका बाजूला लोटली. “लोकांचे काना-मात्रा जन्मभर सुधारलेस. तेव्हा बरा चालायचा हात.”

मला वाटलं होतं, ती रडेल किंवा मी तरी. तिने भांडं उचललं आणि उरलेल्या शेंगा माझ्या पुढ्यात ठेवल्या.

दुपारी मी लिहायला बसलो. पहिला मसुदा दोन पानांचा झाला. उशिराबद्दल क्षमा, माझा भिडस्त स्वभाव, नानांचं आजारपण, त्या खोल्या. ताईला वाचून दाखवला. तिने डोळे मिटून ऐकला.

“यात पाणी कुठे आहे?” ती म्हणाली.

दुसऱ्या मसुद्यात पाणी दुसऱ्या पानावर आलं. तिसऱ्यातही त्याच्याआधी मीच होतो. चौथा मी बातमीसारखा लिहिला. कोणत्या नऊ आठवड्यांत आम्ही नदी न बघता आकडे लिहिले. त्या मंगळवारची तारीख. कार्डावर काय होतं, भिंतीवर काय होतं. टेप कुठून कुठे धरली. गोदाम अजून उभं आहे, गिलावा नवा आहे. त्या झोपड्यांमधली कुणी मुलं हयात असतील तर त्यांनाही विचारावं. आकड्यांच्या मालिकेला आमचं आडनाव ठेवायचं की काढायचं ते तुम्ही ठरवा, ते तुमचंही आहे.

हे तिला पटलं. फक्त म्हणाली, अक्षर माझं होतं हेही घाल, नाहीतर बाई पुन्हा विचारतील आणि तू पुन्हा सात वर्षं घेशील. मी ते घातलं. तिने माझ्या सहीखाली आपली सही केली. पूर्ण नाव लिहिलं, सावकाश. अक्षर अजून नानांचंच आहे.

एक प्रत नगरपालिकेच्या अभियंत्यासाठी केली. दोन्ही पाकिटं घेऊन सकाळी टपाल कचेरीत गेलो. रांगेत पाच जण होते. माझी पाळी येईपर्यंत मी पत्ते दोनदा तपासले. चूक नव्हती. खिडकीतल्या माणसाने विचारलं, साधं की रजिस्टर? मी रजिस्टर म्हणालो. त्याने पाकिटं तोलली, शिक्के मारले, पावत्या माझ्याकडे सरकवल्या आणि पाकिटं मागच्या पोत्यात टाकली. मी बाजूला झालो.