वाटणीतली राजदूत

मामंजी गेल्यावर नऊ एकर जमिनीची वाटणी अर्ध्या दिवसात झाली. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या दुपारच्या चहाच्या आत ठरल्या. अडलं ते राजदूतपाशी. मामंजींची ती जुनी मोटारसायकल दोन्ही भावांना हवी होती, आणि विकून पैसे घ्यायला दोघांपैकी एकही तयार नव्हता. तिसऱ्या दिवशी माझा धाकटा दीर बालाजी रागाच्या भरात म्हणाला, "मंग इंजिन माझं आन् सांगाडा त्याचा." आमचे हे, म्हणजे दगडोबा, तडक उठले. घरात गेले आणि पाने-पकडी घेऊन आले. तासाभरात चालती गाडी दोन घरांत गेली. पंच मंडळी बघत बसली होती, एकाच्याही तोंडून 'अरे थांबा' निघालं नाही. मी म्हटलं होतं, पण माझं ऐकतो कोण.

मग अंगणात सिमेंटच्या विटांची भिंत आली, माझ्या खांद्याला लागेल एवढी. भावाभावांचं बोलणं अकरा वर्षं बंद. माझी जाऊ जनका आणि मी मात्र बोलायचो. बायकांचं बोलणं बंद ठेवून चालत नाही, विरजण लागतं, बचत गटाची मीटिंग असते. फक्त इंजिनाचा विषय काढायचा नाही, असं आम्ही पहिल्याच महिन्यात ठरवून टाकलं होतं. तो निघाला की दोघीही आपापल्या नवऱ्याची बाजू घ्यायचो आणि पुढं दोन दिवस विरजण मिळायचं नाही.

सांगाडा आमच्या गोठ्याच्या कोपऱ्यात होता. टायर जमिनीला टेकून बसू नयेत म्हणून ह्यांनी खाली विटा रचल्या होत्या. एका कोंबडीनं सीट आपली मानली होती, तिथंच अंडी घालायची. दर दिवाळीला हे गाडी पुसायचे, चाकांना वंगण द्यायचे, बोटानं चाक फिरवून बघायचे.

"बिनइंजिनाच्या गाडीला कसलं वंगण घालून राहिले?" मी विचारायचे.

"गंजून जाईल."

"मंग जाऊ द्या की."

असं म्हटलं की त्या दिवशी माणूस धड जेवायचा नाही. म्हणून पुढं पुढं मी विचारणंच सोडलं.

भिंतीपलीकडूनही एक आवाज यायचा. दर अमावस्येला, बैलांना सुट्टी असते त्या दुपारी. खट्, खर्रर्र. मग पुन्हा खट्, खर्रर्र. आठ-दहा वेळा झालं की बंद. भाऊजी फवारणीचा पंप दुरुस्त करत असतील असं मी धरून चालले होते. दर महिन्याला बिघडणारा पंप हा माणूस बदलत का नाही, एवढंच मनात यायचं.

यंदा होळीच्या सुमारास जनकानं सांगितलं की ते दोघं गाव सोडून चालले. त्यांचा स्वप्निल चाकणला कंपनीत लागलाय, सुनेला दिवस गेलेत. जमीन ठोक्यानं, वर्षाच्या ठरलेल्या पैशावर, कसायला द्यायची आणि अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी निघायचं. मी रात्री भाकरी वाढताना ह्यांच्या कानावर घातलं.

"किती दिवसांसाठी?" ह्यांनी विचारलं.

"कायमचे."

"कायमचे म्हंजी?"

"कायमचे म्हंजी कायमचे. आता काय लिहून देऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर ह्यांनी कोंबडीला सीटवरून उठवलेलं आणि गाडी अंगणात आणून पुन्हा विटांवर चढवलेली. एकतीस वर्षं संसार केलाय, एवढं तर कळतं. भिंतीला वळसा घालून 'बालाजी, बोल माझ्याशी' म्हणायला दहा पावलं लागली असती, पण ह्या माणसाला ती दहा पावलं जमणार नव्हती. त्यापेक्षा अकरा वर्षांची मेलेली गाडी उभी करणं सोपं वाटलं. भाऊ गाव सोडायच्या आत गाडी सुरू करायची आणि तिचा आवाज भिंतीपलीकडे जाऊ द्यायचा, एवढाच बेत. मला रागही आला आणि मायाही.

हातात पैसा नव्हता. हळद अजून शिजत होती, वाळत होती, विकायला महिना होता. म्हणून जे करायचं ते घरच्या घरी. टाकीच्या आत गंजाचा थर साचला होता. हिंगोलीच्या मेकॅनिकनं ती धुवायचे जेवढे पैसे सांगितले, तेवढ्यात आमचा महिन्याचा किराणा येतो. हे टाकी घेऊन परत आले. तिच्यात दोन ओंजळी बारीक खडी टाकली, तोंड बंद केलं, वरून गोणपाट गुंडाळलं आणि हळद पॉलिश करायच्या ड्रममध्ये दोरीनं आवळून बांधली. ड्रमवाला तयारच नव्हता, त्याला चहा पाजून तयार केला. अर्धा तास तो ड्रम ट्रॅक्टरवर फिरत होता आणि असा खडखडाट चालला होता की नरसीच्या रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. टाकी आतून लखलखीत झाली आणि गोणपाटातून हळद जाऊन बाहेरून पिवळीजर्द. ती खांद्यावर घेऊन हे दारात आले तेव्हा मी हसता हसता खालीच बसले.

"हळद तर लागली," म्हटलं, "लग्न कवाचं हाय?"

हेही हसले. जनकानं सांगितल्यापासून पहिल्यांदा.

पेट्रोलची नळी म्हणून सलाईनची नळी आली. सीट मला शिवावी लागली. आत जुन्या गादीचा कापूस, वर ताडपत्री, दोन सुया मोडल्या आणि एक बोटात गेली. रंग दाराचा उरलेला निळा. आता आमचं दार आणि गाडी लांबून बघितलं तर एकाच घरची दिसतात. नट-बोल्ट कुठले कुठले जमवले, त्यातले दोन माझ्या शिलाई मशीनचे निघाले. मी बोलले काही नाही, पण मोजून ठेवले.

राहिलं इंजिन. मला वाटलं, आता तरी हे भिंतीपलीकडे जातील. गेले नांदेडला. भंगारातून राजदूतचंच एक इंजिन पोत्यात घालून एसटीनं घेऊन आले. पोतं उघडलं तर आतला पिस्टन जाम. चार दिवस त्यात डिझेल ओतून ठेवलं, तरी किक तसूभर हलेना. अक्षय तृतीया आठवड्यावर आली. पाचव्या दिवशी सकाळी हे हातोडी घेऊन बसले.

मी चुलीवरून उठून बाहेर आले ते त्यांना थांबवायलाच. तेवढ्यात भिंतीवर भाऊजींचं डोकं दिसलं.

"वैनी," भाऊजी मला म्हणाले, "त्याला म्हणा हातोडी मारू नको. फुटल ते."

दोघांमध्ये पाच हातांचं अंतर. ह्यांनी मान वर केली नाही. "मंजुळा, त्याला म्हणाव आपलं सामान बांध."

"वैनी, म्हणा त्याला, ह्या इंजिनाचा नंबर गाडीच्या पुस्तकात बसत न्हाई. पोलीस गाडी ठाण्यात लावून घेतील."

"म्हणाव, माझ्या गाडीचं मी बघून घेईन."

"गाडी कसली, सांगाडा हाय नुसता."

हे वाक्य माझ्यामार्फत गेलं नाही, सरळ ह्यांच्याकडं गेलं. ह्यांचा हात थांबला. पण माझं डोकं तोवर फिरलं होतं.

"मी काय टपाल वाटून राहिले का हितं?" मी म्हटलं. "अकरा वर्षं झाली. तुमी पुण्याला चालले भाऊजी, आन् हे हितं बसले लोखंड ठोकत. जे काय बोलायचं ते एकमेकाच्या तोंडावर बोला. न्हाईतर ती हातोडी मला द्या, मी सांगाडाबी फोडते आन् इंजिनबी फोडते."

भाऊजींचं डोकं भिंतीआड गेलं. झालं, होतं नव्हतं ते मीच घालवलं, असं मला वाटलं. ह्यांनी हातोडी खाली ठेवली आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. केसांत निळा रंग लागला होता. मला त्यांची इतकी कीव आली की जवळ जाऊन बसावंसं वाटलं, पण मी उभीच राहिले.

थोड्या वेळानं फाटक वाजलं. भाऊजी आणि जनका मोठं घमेलं दोन्हीकडून धरून, पाय अडखळत आत येत होते. घमेल्यात धोतरात गुंडाळलेलं काहीतरी जड. धोतराचा लाल काठ मी ओळखला, मामंजींचं होतं. भाऊजींनी ते आमच्या अंगणात ठेवलं आणि धोतर सोडलं. इंजिन इतकं स्वच्छ होतं की काल काढलंय म्हटलं तरी खरं वाटावं.

हे बघत राहिले. मग म्हणाले, "किक जाम झाली असल. अकरा वर्षं झाली."

भाऊजींनी इंजिन एका हातानं दाबून धरलं आणि दुसऱ्यानं किक खाली ढकलली.

खट्, खर्रर्र.

भिंतीपलीकडचा तोच आवाज. एवढ्या वर्षांत एवढ्या अमावस्या गेल्या आणि मी त्या माणसाच्या पंपाला नावं ठेवत बसले होते.

"दर आमुशाला," जनका मला हळूच म्हणाली, "प्लग काढायचा, दोन चमचे तेल सोडायचं, किक मारायची. मला शपथ घातली होती, कुणाला सांगायचं न्हाई म्हून."

"काहून?" ह्यांनी विचारलं. माझ्याकडं बघून नाही, जनकाकडं बघून नाही. भावाकडं बघून. अकरा वर्षांत ह्यांनी भावाला विचारलेला तो पहिला शब्द.

"जाम होऊ नाही म्हून," भाऊजी म्हणाले.

मग त्यांची नजर गाडीखालच्या विटांवर गेली. ते खाली बसले आणि पुढच्या चाकाला एक बोट लावलं. चाक आवाज न करता फिरत राहिलं. चांगलं बराच वेळ फिरत राहिलं. दोघांनी भांडण अगदी मनापासून केलं होतं, पण गाडी एकानंही मरू दिली नव्हती. मला तिथं थांबवेना. चहा ठेवते म्हणून आत आले, मागून जनका आली, आणि आम्ही दोघी चहाचं आधण उतू जाईपर्यंत रडलो.

पुढचे दोन दिवस अंगणात नुसती वादावादी चालली होती. हा बोल्ट इकडं, तो तिकडं, तुला काय कळतं, बाबांनी मला शिकवलं होतं, मला आधी शिकवलं होतं. कान किटले, पण मी एकदाही गप्प बसा म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी सातव्या किकला गाडी सुरू झाली. धूर इतका की मधली भिंत दिसेना. दोघं नरसीला जाऊन संत नामदेवाच्या देवळात नारळ फोडून आले. जाताना भाऊजी पुढं होते, येताना हे.

एवढं झाल्यावर भाऊजी राहतील, अशी एक वेडी आशा मला होती. ह्यांनाही असावी. पण स्वप्निलनं खोली घेतलेली, जमीन ठोक्यानं दिलेली. ठरल्या दिवशी जनका सामानासोबत जीपमध्ये बसली, आणि हिंगोलीला बस धरायला भाऊजींना ह्यांनी राजदूतवर नेलं. निघायच्या आधी भाऊजी दारात थांबले.

"इंजिन माझं हाय, ध्यानात ठिव."

"सांगाडा माझा हाय," हे म्हणाले. "तुझं इंजिन त्यात भाड्यानं राहून राहिलं."

"आमुशाला किक मारत जा, दादा."

"व्हय."

हे दिवे लागायच्या वेळेला परत आले. अंगणात गाडी बंद केली, पण खाली उतरले नाहीत. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राहिले.

पहिल्या अमावस्येला दुपारी फोन वाजला. मीच उचलला. भाऊजींनी माझी खुशाली विचारली, पावसाचं विचारलं, मग म्हणाले, "वैनी, दादाला द्या." ह्यांनी फोन कानाला लावला, "टाकलं तेल" एवढंच म्हणाले आणि अंगणात गेले. फोन सीटवर ठेवला, माझ्या शिवलेल्या सीटवर, आणि किक मारली. गाडी सुरू झाली. हे बाजूला उभे राहिले. तिकडं चाकणला भाऊजी फोन धरून बसले होते, सून आणि जनका बोलत होत्या, त्याही ऐकायला थांबल्या, असं जनकानं मला मागाहून सांगितलं.

तेव्हापासून दर अमावस्येला असंच चालतं. दहा मिनिटं, कधी पंधरा मिनिटं गाडी जागेवर उभ्या उभ्या चालू असते आणि दोन्हीकडं कोणी बोलत नाही. पेट्रोल शंभराच्या वर गेलंय, आणि मी तोंडातून चकार शब्द काढत नाही.