भुसा ओढणाऱ्या मशीनचा ऑटो

समताने सुतारकामाचा भुसा ओढणारी जुनी मशीन मलकापुरातून आणली. भाऊ अश्वजितने तिला शेतातल्या मोटरीसारखा ऑटो स्विच लावला. विजेच्या लाईनचा काडीचा भरवसा नाही, म्हणून ती आली की मोटर आपोआप सुरू व्हावी, ही गावभरची सवय.

दुपारी लाईन गेली. समताने मशीनच्या पंख्यात अडकलेली लाकडाची ढलपी ओढून काढली, हात बाहेर घेतला, तोच लाईन आली आणि पंखा गरगरला.

"पाह्य ताई, बटन दाबाचंही काम नाही!" अश्वजित खुशीत म्हणाला.

"माहा हात आत्तापर्यंत आत होता रे!"

त्याचं हसू विझलं. "शेतात तर सगळेच..."

"विहिरीतल्या मोटरीत कोण हात घालते? काढ तो ऑटो. मी बटन दाबल्याशिवाय ही फिरली नाही पाह्यजे."

त्याने पेचकस उचलला, थांबला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आधी मेन स्विच पाडला.