खाज आणि लायसन्स

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सुनेचा दरारा होता. जिना उतरताना धडपडणाऱ्या माणसांनाही तिने चढावर गाडी थांबवायला शिकवलं होतं. तिच्या हाताखालचा माणूस नापास होणं म्हणजे बातमीच. आणि नेमकी तिचीच सासू दोनदा नापास झाली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि स्कूलचा मालक तो रोज चहाच्या वेळी सगळ्यांना दाखवायचा.

सासूबाईंना गाडी येत नव्हती असं मुळीच नाही. गिअर असा टाकायच्या की शेजारच्याला कळूही नये. पण चढावर गाडी थांबली की काहीतरी बिनसायचं. त्या सीटवर डावीकडे सरकायच्या, मग उजवीकडे, मग किंचित उठायच्या, आणि उठल्या की ब्रेकवरचा पाय सुटायचा. दुसऱ्या परीक्षेत गाडी मागे घरंगळली आणि परीक्षकांनी हौसेने उभा केलेला प्लास्टिकचा खांब आडवा झाला.

"बाई घाबरतात," परीक्षक म्हणाले. सासूबाई कुणाला घाबरल्याचं सुनेने तरी कधी पाहिलं नव्हतं.

"मला नको ते लायसन्स," त्या घरी येऊन म्हणाल्या. "तिसऱ्यांदा शोभा करून घ्यायची हौस नाही."

सुनेला वाईट वाटलं. सासरे गेल्यापासून ही बाई दाताच्या डॉक्टरकडे जायचं तरी मुलाची सुट्टी बघत बसायची. लायसन्स हा तिचा एकच हट्ट होता, आणि तोही ती सोडायला निघाली होती.

दुसऱ्या दिवशी सुनेने त्यांना बळेच गाडीत बसवलं, चढावर गाडी थांबवायला लावली आणि पायांकडे न बघता सासूबाईंकडे बघितलं. डावीकडे, उजवीकडे, थोडं वर. हे सरकणं तिच्या चांगल्याच ओळखीचं होतं. बाळंतपणानंतर तिनेही असेच दिवस काढले होते.

"आई, खाज येते का?"

"कुठे?"

"बसता तिथेच."

सासूबाईंनी हँडब्रेक करकचून ओढला. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात. इथे जावयाच्या जागी सून होती, आणि तिच्याही पायाखाली ब्रेक होता. पळायला वाव नव्हता.

"दात काढला तेव्हापासून," त्या समोरच्या काचेकडे बघत म्हणाल्या. "खाज, आग. लघवीला गेलं की डोळ्यांत पाणी. आणि विरजण लागल्यासारखं पांढरं जातं."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"कडक पाण्याने धुतलं. फरशी पुसायचं ते औषध थोडं घातलं त्यात."

सुनेने कपाळावर हात मारून घेतला.

डॉक्टरीणबाई मात्र शांत होत्या. त्यांनी तपासलं, नमुना घेतला, साखरही बघितली. साखर ठीक निघाली. "यीस्टचा संसर्ग आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे बुरशी. दातासाठी जे अँटिबायोटिक घेतलंत, त्याने चांगले जंतूही मेले आणि हिचं फावलं."

"दात वर आणि भोग खाली," सासूबाई पुटपुटल्या.

"ते फरशीचं औषध फरशीलाच ठेवा. साबणही आत लावायचा नाही. या गोळ्या रोज रात्री झोपताना आत ठेवायच्या. आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत."

"गोळी, आणि गिळायची नाही?"

"गिळायची नाही."

"म्हणजे रिव्हर्स गिअर," सासूबाई म्हणाल्या आणि चिठ्ठी पर्समध्ये टाकली.

गुण लवकर आला. सासूबाई चढावर ठाण मांडून बसू लागल्या, सून मालकासमोर मान वर करून चहा पिऊ लागली. आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी चढावर पुन्हा तेच. डावीकडे, उजवीकडे, थोडं वर.

"गोळ्या संपवल्यात ना?"

सासूबाईंचा हात पर्सकडे गेला. सुनेने सरळ त्यांची पर्स उघडली. रुमालाच्या घडीत अर्धी स्ट्रिप निघाली.

"माझ्या ताईसाठी ठेवल्यात," सासूबाई म्हणाल्या. "तिचंही असंच आहे गं, कित्येक महिने. फोनवर रडते. गावाच्या पार त्या टोकाला राहते, तिला नेणार कोण? स्वतःच्या मुलाला सांगणार आहे का ती हे?"

सुनेचा राग जागच्या जागी विरला. तरी तिने स्ट्रिप परत दिली नाही.

"आई, मावशींना काय झालंय ते तपासल्याशिवाय कसं कळणार? खाज सारखी असली तरी दुखणं वेगळं असू शकतं. अर्ध्या गोळ्यांनी तुमचं धड गेलं नाही, उरलेल्या अर्ध्यांनी त्यांचं काय जाणार?"

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं, चार शब्द सुनावले आणि नव्याने पूर्ण कोर्स दिला. सुनेने परीक्षा पुढे ढकलली आणि रोज सकाळी स्ट्रिप दाखवायला लावली. सासूबाई निमूटपणे दाखवायच्या. घरात हे प्रथमच घडत होतं.

परीक्षेच्या दिवशी चढावर गाडी थांबली आणि थांबूनच राहिली. परीक्षकांनी वाट पाहिली. खांबाकडे काळजीने बघितलं.

"बाई, पुढे घ्या आता."

"घेते. जरा बसू द्या," सासूबाई म्हणाल्या. "बरं वाटतंय."

मग गाडी अशी निघाली की खांबाला वाराही लागला नाही.

लायसन्स हातात पडलं त्या दिवशी मुलाला आईच्या गाडीत मिरवायचं होतं. सासूबाईंनी त्याला फाटकातच उतरवलं आणि सुनेला शेजारी बसवलं. गावाच्या त्या टोकाला पोचून त्यांनी लांबलचक हॉर्न वाजवला. मावशी खिडकीत आल्या.

"खाली ये. डॉक्टरकडे जायचंय."

"गाडी कोण चालवतंय?"

"मी. आत आपण तिघीच."

मावशी क्षणभर खिडकीत उभ्या राहिल्या, मग पायात मिळतील त्या चपला घालून खाली आल्या. मागच्या सीटवर बसल्या. डावीकडे सरकल्या, उजवीकडे सरकल्या, किंचित उठल्या.

सासूबाईंनी आरशात बघितलं. "फार होतंय का गं?"

मावशी रडायलाच लागल्या.

"रड," सासूबाई म्हणाल्या आणि गिअर टाकला. "पण पट्टा लावून रड."